परळातलं पाणी

सासूनं दिलेला काढा हेमावतीनं पहिल्यांदा कोंबड्यांच्या पाण्याच्या परळात ओतला, तेव्हा तिला तिसरा महिना लागून चार दिवस झाले होते, आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशी तिनं काढा मोरीच्या कडेला ओतला होता. त्यात गूळ असतो. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग लागली. सासू, म्हणजे अंबक्का, त्या रांगेकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मोरीला गोड कुठनं सुटलं गं?"

"भांडं विसळलं तिथं, अत्ती."

एवढ्यावर भागलं. पण रोज रोज भांडं विसळलं म्हणून चालणार नव्हतं. परळातलं पाणी तसंही गढूळच असायचं, कोंबड्या त्यात पायानं माती ढकलायच्या. शिवाय कोंबड्या काही कुणाला सांगणार नव्हत्या. निदान हेमावतीला तसं वाटलं.

तारिहाळात मराठ्यांची पाच घरं, बाकी वस्ती कानडी. पण खोकल्याच्या बाबतीत सगळा गाव अंबक्काचा. मार्गशीर्षात थंडी उतरली, मिरचीची तोडणी लागली, की माणसांचे गळे धरायचे आणि सकाळी अंबक्काच्या अंगणात वाट्या घेऊन बायका उभ्या राहायच्या. घराला कुंपण अडुळशाचं. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, एवढ्याचसाठी तिच्या सासऱ्यांनी ते लावलेलं. अंबक्कानं त्यातनं दवाखाना काढला. सात पानं, बेहड्याची साल, सुंठ, चार मिरे, गुळाचा खडा. आठ वाट्या पाण्याची एक वाटी उरेपर्यंत चुलीवर. वर बोलणी फुकट. "तोंड उघडं टाकून निजतीस, मग खोकशील न्हाई तर काय गाशील?" असं काही ऐकून घेतल्याशिवाय कुणाची वाटी भरत नसे. सुनेला मात्र बिनबोलण्याची मिळायची, आणि दिवसातनं दोनदा.

गेल्या आषाढातही हेमावतीला असाच खोकला झाला होता. तेव्हाही तिसराच महिना होता, आणि तेव्हाही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तीन महिने पुरे भरल्याशिवाय तोंडातनं काढायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, अशी तिच्या माहेरची, कलघटगीकडची रीत. नऊ दिवस तिनं सकाळ-संध्याकाळ काढा घेतला. खोकला गेला. अकराव्या दिवशी पोटात कळा आल्या, आणि सांगायचं होतं ते सांगायची गरज उरली नाही.

अंबक्का चार दिवस तिच्या उशाशी बसून होती. तिन्हीसांजेला विहिरीवर गेलीस म्हणून झालं, असं तिनंच ठरवलं, आणि त्या दिवसापासनं घरातल्या घागरी स्वतः आणायला लागली. अशक्तपणा भरून यावा म्हणून तिनं सुनेला काढा दिला. नेहमीपेक्षा दाट.

पुढं हेमावती माहेरी आठ दिवस राहून आली. तिथं तिच्या म्हाताऱ्या चुलत आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आडुसोगे दिलं होतं काय गं?" अडुळशाला तिकडं आडुसोगे म्हणतात. हेमावती हो म्हणाली. आजीनं तोंड मिटलं ते जेवायलाच उघडलं.

एवढ्यावर माणसानं काय करायचं? खोटं असलं तर उगीच एका म्हातारीचा जीव दुखवायचा. आणि खरं असलं तर? घागरी उचलून जिचे खांदे सुजलेत, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमच्याच हातानं गेलं? हेमावतीनं पुष्कळ विचार केला. मग परळ दिसला.

खोकला तर होताच. सकाळी मिरचीच्या रानात, दुपारी अंगणात मिरच्या निवडताना तो यायचा आणि तिला दुमडून टाकायचा. ती तोंडावर पदर दाबून, गुडघे पोटाशी घेऊन खोकायची. पोटाला हिसका बसू नये म्हणून दुसरा हात खाली धरायची. अंबक्का निवडता निवडता तिच्याकडं बघायची आणि संध्याकाळच्या काढ्यात एक पान वाढवायची.

"गुण का येईना गं तुला? आख्ख्या गावाला येतो."

"येतोय की, अत्ती. कालच्यापेक्षा बरं हाय."

"संक्रांतीपर्यंत बघते. न्हाई गेला तर भीमाला सांगून हुबळीच्या डॉक्टरला दाखवू." डॉक्टर म्हणताना तिचा आवाज उतरायचा. गावात एकदा एका बाईचा खोकला डॉक्टरला दाखवला होता. त्यानं क्षय सांगितला, आणि ती बाई माहेरी गेली ती परत आली नाही.

माणसं गावाची, पण कोंबड्या मात्र अंबक्काच्या स्वतःच्या. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्या खाण्यावरनं गल्लीत तिची थट्टा व्हायची. शेजारचा शिवलिंगप्पा म्हणायचा, पुढच्या जन्मी अंबक्काच्या खुराड्यात यावं. जोंधळ्याची कणी आणि कोंडा तर कुणीही घालतं. अंबक्का त्यात कारवारच्या गाड्यांवरनं घेतलेली सुकट कुटून मिसळायची. निवडून उरलेलं मिरचीचं बी टाकायची. त्यानं बलक असा लाल व्हायचा की कुंकू कालवल्यासारखा. परसात शेण आणि पालापाचोळा भरलेली मडकी पालथी घालून ठेवायची. दोन दिवसांनी मडकं उचललं की खाली वाळवी लागलेली असायची, आणि कोंबड्या तिच्यावर अशा धावायच्या की बघणाऱ्याला हसू यावं. आणि शिंपले. गाड्यांबरोबरच येणारे शिंपले चुलीच्या निखाऱ्यात भाजून, उखळात कुटून एका मडक्यात भरलेले असायचे. त्याची मूठभर पूड रोज. त्यानं अंड्याचं कवच दगडासारखं होतं.

हे शिंपले कुटायचं काम हेमावतीचं. कुटताना एक दिवस तिनं बोट चाटलं. दुसऱ्या दिवशी चिमूट घेतली. भाजलेल्या शिंपल्याचा तो कोरडा, जरासा खारट वास नाकात गेला की तिला दुसरं काही सुचत नसे. आठ दिवसांत मडकं अर्ध्यावर आलं, आणि कोंबड्यांच्या मुठीची चिमूट झाली. तिला लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून काही जीभ ऐकत नाही.

तर असं सगळं चाललं होतं. सुनेचं औषध कोंबड्यांच्या परळात, आणि कोंबड्यांचं औषध सुनेच्या पोटात.

शनिवारी भीमसेन संध्याकाळी कारखान्यातनं आला तो टोपलीत चार अंडी परत घेऊन. तो हुबळीच्या रेल्वे कारखान्यात घणावर होता. लढाईचं दुसरं वर्ष, कामाला ऊत आलेला. जाताना वाटेत साहेबांच्या बंगल्यावर खानसाम्याला अंडी द्यायची, हे त्याच्याकडं लागलेलं. लाल बलकासाठी खानसामा अंबक्काचीच अंडी घ्यायचा, आणि ही गोष्ट अंबक्का गावात निदान शंभरदा सांगून चुकली होती.

"अव्वा, खानसामा म्हणाला, हे काय आणलंस?"

"अंडी म्हण की."

"त्यानं अंगठ्यानं दाबलं. फुटलं न्हाई, नुसतं खोल गेलं. मग आतल्या सगळ्या नोकरांना बोलावून दाखवलं. म्हणाला, तुझ्या आईच्या कोंबड्यांच्या अंगात हाडं हाईत, का नुसत्या पिसांच्या पिशव्या?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणू? हसलो."

"हसलास?"

"पाच जण हसत होते. मी एकटा उभा राहून काय रडू?" भीमसेननं टोपली खाली ठेवली. "आणि अंडी कमी बी हाईत म्हणाला. आठ दिवसांत सुधारली न्हाईत तर कुसुगलच्या बाईची घेतो म्हणाला."

अंबक्कानं त्या चारांतलं एक अंडं उचललं. कातड्यासारखं मऊ, आत काहीतरी झोपल्यासारखं डुलत होतं. तिनं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. हेमावती चुलीपुढं पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासनं अंबक्का कोंबड्यांच्या मागं लागली. सुकट दुप्पट केली. वाळवीची मडकी दोनाची पाच झाली. लसूण ठेचून कोंड्यात घातला. लंगडी कोंबडी खुडूक बसल्यासारखी वाटली म्हणून तिला पाण्यात बुडवून काढलं, आणि ती बिचारी उगीचच ओली झाली. काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी दोन अंडी, दोन्ही कातडी.

मग अंबक्कानं काम सोडलं आणि अंगणात नुसती बसून राहिली. सकाळपासनं दुपारपर्यंत. हे तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं; भीमसेनला कळलं असतं तर तो कारखान्यातनं पळत आला असता.

तिला दिसलं ते असं. तुरेवाली कोंबडी परळाशी आली, चोच बुडवली, मान झटकली, आणि तरातरा चालत शिवलिंगप्पाच्या न्हाणीच्या पाटाकडं गेली. तिच्यामागं कबरी. मग लंगडी. पाट आटला होता. साबणाच्या ओलीत तिघी चोची मारत उभ्या राहिल्या.

कोंबड्या तहानल्या होत्या.

अंबक्का उठली. गुडघ्यांवर हात देत परळाशी बसली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

चाळीस वर्षं तिनं तो काढा उकळला होता. झोपेत जिभेवर ठेवला असता तरी बेहडा कमी पडलाय का मिरे जास्त झालेत ते तिनं सांगितलं असतं. मग उठून शिंपल्यांच्या मडक्यावरचं झाकण काढून बघितलं. पुन्हा झाकलं. संध्याकाळी सुनेपुढं वाटी ठेवली ती नेहमीसारखीच. "प्यालीस काय?" असं आतनं विचारलं तेही नेहमीसारखंच.

"होय, अत्ती."

सकाळी अंगणात सात-आठ बायका होत्या. त्यांत बसव्वा सुईणही होती. तिला रात्री कुणाच्या तरी घरून उशीर झाला होता आणि थंडी बाधली होती. अंबक्कानं वाट्या भरल्या, पण एक शब्द बोलली नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बोलण्याशिवाय काढा म्हणजे काहीतरी बिघडलंय.

"हेमा," अंबक्कानं हाक मारली, "बाहेर ये."

हेमावती आली. अंबक्कानं भरलेली वाटी तिच्या हातात दिली.

"पी."

"आत जाऊन घेते, अत्ती."

"इथं पी. सगळ्यांसमोर. गाव माझा काढा पितो आणि माझी सून तो कोंबड्यांना घालते, हे एकदा सगळ्यांना बघू दे. कडू लागतो? मग तसं सांगायचं होतं. माझ्या अकरा कोंबड्या तहानेनं मारल्यास. शिंपल्याचं मडकं रिकामं केलंस, ते कुठं फेकलंस कुणास ठाऊक. माझ्या हाताची चव येवढी वाईट हाय?"

कुणीतरी हळूच हसलं. हेमावती वाटी धरून उभी होती. वाटीतनं वाफ निघत होती. त्यातच तिला खोकला आला. एका हातानं तिनं वाटी लांब धरली, दुसरा पोटाखाली गेला.

"मला माहेरी पाठवा, अत्ती," खोकला थांबल्यावर ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवा. काय पाहिजे ते करा. पण हे नको."

"का नको?"

हेमावतीनं वाटी आणखी लांब धरली.

बसव्वा भिंतीला टेकून बसली होती ती उठली. तिनं हेमावतीचा तो खालचा हात बघितला. मग तोंडाकडं बघितलं. ओठांच्या कोपऱ्याला पांढरी पूड लागलेली होती. तिनं सुनेच्या हातनं वाटी काढून घेतली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.

"अगं बसव्वा, तुझी झाली की एक!"

"मला दोन लागतात. म्हातारा खोकला हाय." तिनं तोंड पुसलं आणि बायकांकडं वळून कानडीत दोन शब्द टाकले. त्याचा अर्थ, घरी चुली नाहीत काय? अंगण रिकामं झालं. हेमावती आत गेली.

बसव्वानं वाटी जोत्यावर पालथी ठेवली. "अंबक्का, वर्षातनं चार वेळा मी तुझ्या कुंपणाची पानं नेते. कशाला नेते?"

"खोकल्याला. आणि कशाला?"

"बाळंतिणीला खोकला असतो काय? कळा थांबल्या, वार अडली, की वाटून देते. पोट आवळतं. अडलेलं खाली येतं." ती जरा थांबली. "न अडलेलं बी येतं."

अंबक्कानं वळून कुंपणाकडं बघितलं.

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी विचारलं न्हाईस. पानं मागितली की म्हणायचीस, ने, ने, आणखी ने." बसव्वा तिच्याजवळ जोत्यावर बसली. "तुझी सून शिंपले फेकत न्हाई, यव्वा. खाते. तरणी बाई शिंपले का खाते ते तुला मी सांगू?"

अंबक्काला कळलं. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असेल एखाद्या घटकेपुरता. मग तिची बोटं आपोआप हलायला लागली. अंगठा पेरांवर चढत होता. सात पानं. दोन वेळा. नऊ दिवस. गेला आषाढ. नंतरचा तो दाट काढा तर तिनं उशाशी बसून, चमच्यानं पाजला होता, आणि सून डोळे मिटून गिळत होती. अंगठा तिथंच थांबला नाही. तो आणखी मागं निघाला, तिचाच काढा घेतलेली आणि पोट पडलेली कुंभाराची थोरली, वरच्या आळीतली ती घारी पोरगी. तिथं बसव्वानं तिचा हात धरला.

"सुम्नी बस," ती म्हणाली. गप्प बस. "ते मोजायचं नसतं. माझ्या हातनं काय काय गेलंय ते मी मोजते काय?"

कोंबड्या परळाभोवती येऊन परत जात होत्या.

हेमावती आत मिरच्यांच्या ढिगाशी बसली होती. डेख, म्हणजे देठ, काढत होती, पण काढलेली डेखं आणि मिरच्या एकाच सुपात पडत होत्या. अंबक्का दारात उभी राहिली.

"कितवा?"

"तिसरा लागलाय."

"मग मला सांगायला काय झालं होतं? मी काढा बंद केला असता."

"केला असता." हेमावतीनं सूप खाली ठेवलं. "आणि मग विचारलं असतं, काढ्यानं काय होतंय? मग मी काय सांगायचं होतं, अत्ती?"

अंबक्कानं दाराची चौकट धरली. आषाढापासनं ही पोरगी हे एकटी घेऊन फिरत होती. आणि रोज संध्याकाळी आतनं "होय, अत्ती" म्हणत होती.

"उखळ कुठाय?" ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं नवे शिंपले घेतले. एकेक काथ्यानं घासून सात पाण्यांनी धुतला, भाजला, स्वतः कुटला आणि लुगड्याच्या तुकड्यातनं गाळला. गाळलेली पूड तिनं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात भरली आणि फडताळात सुनेच्या आरशामागं ठेवली. जाडी चाळ उरली ती कोंबड्यांच्या मडक्यात गेली. "त्यांचं त्यांना, तुझं तुला," एवढंच म्हणाली. "जास्त खाऊ नकोस. पोट धरतं." मग परळ उचलून परसाच्या टोकाला नेला. तिथं कुंपणाच्या मुळाशी एक लहानसा सपाट दगड होता. आषाढात गेलं ते पुरून तिनंच ठेवलेला. दगडाच्या बाजूला, जरा लांब, तिनं ते पाणी ओतलं. परळ राखेनं घासला, विहिरीवरनं नवी घागर आणली आणि परळ काठोकाठ भरला.

कोंबड्या आल्या. चोच बुडवायची, मान वर करायची, डोळे मिटायचे. एकीनंही मान झटकली नाही.

आठ दिवसांनी खानसाम्यानं अंड्यावर अंगठा दाबला आणि अंगठा चोळत राहिला. भीमसेननं घरी येऊन ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मधेच थांबून तो बायकोकडं बघून हसला, त्यावरनं त्याला आता सगळं ठाऊक आहे हे कळलं.

अंगणात वाट्या यायच्या, पण कमी. कारण अंबक्का आता वाटी भरायच्या आधी प्रत्येक तरण्या बाईला पाळीचं मोठ्यानं विचारायची, "न्हाण कधी झालं होतं?" पुरुषमाणसं रस्त्यानं जात असायची. बायका लाजून लाल व्हायच्या, दोघी-तिघी तर वाटी पदराखाली घालून परत गेल्या. गावात म्हणायला लागले, अंबक्काचं वय झालं. अंबक्काच्या कानावर ते आलं. ती विचारायची थांबली नाही.

सुनेसाठी ती रात्री हळद घालून दूध तापवायची. पहिल्या दिवशी तिनं ते पुढं केलं तेव्हा हेमावतीचा हात घडीभर मागंच राहिला. अंबक्कानं ते बघितलं. तिनं दुसरी वाटी घेतली, त्यात अर्धं ओतलं, आधी स्वतः प्याली, आणि मग उरलेलं तिच्यापुढं ठेवलं. पुढं तसाच रिवाज पडला. रोज दोन वाट्या.

खोकला एवढ्यानं जाणारा नव्हता. तो संक्रांतीपर्यंत राहिला, आणि नंतरही काही दिवस.

एकदा अंबक्का पहाटे खुराड्याची फळी काढत होती. आत घरात सुनेला खोकला आला. लांब, कोरडा, थांबता थांबेना. अंबक्काचा हात चाळीस वर्षांच्या सवयीनं कुंपणाकडं गेला, दोन पानं बोटांत आलीदेखील. तिनं ती सोडली. पानं हिसका बसून मागं गेली, त्यांच्यावरचं दंव तिच्या मनगटावर सांडलं.

"अत्ती," आतनं हेमावती म्हणाली, "जागं केलं काय तुम्हांला?"

"न्हाई गं. उठलेलीच हाय. येतोय अजून?"

"येतोय."

"येऊ दे," अंबक्का म्हणाली.

मग तिनं फळी बाजूला ठेवली, आणि कोंबड्या एकेक करून बाहेर पडेपर्यंत तिथंच उभी राहून तो खोकला शेवटपर्यंत ऐकला.